राजधानीच्या पायथ्याची माणसं

महाड-पोलादपूरकडच्या माणसाला राजधानीचं अप्रूप जरा बेतानंच असतं. आमच्या बाजारपेठेपासून पंचवीसेक किलोमीटरवर एक राजधानी आहे. तिच्यात राजा नाही, दरबार नाही, कारकुनाची बोरूची कुरकुर नाही. जोती आहेत, टाकी आहेत आणि पावसाळ्यात माणसाच्या कमरेला लागणारं गवत आहे. पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की आम्ही त्यांना पाचाडचा रस्ता दाखवतो, फार झालं तर हिरकणीवाडीपर्यंत सोबत जातो, रोपवेच्या तिकिटाची रांग लावून देतो आणि म्हणतो, "तुम्ही या जाऊन, आम्ही बसतो खाली." असं खाली बसण्यात आमच्या पिढ्या गेल्या. त्यामुळे दुसऱ्या कुणाची राजधानी बघायला निघालो की आमच्या चेहऱ्यावर एक विचित्र भाव येतो. लग्नाच्या पंगतीत एखादे निवृत्त मामलेदार चालू मामलेदाराकडे बघतात ना, काहीसा तसा. आदर असतो, कुतूहल असतं आणि 'आमचीही होती बरं का' हे ओठांशी येऊन थांबलेलं असतं.

वाघनखं साताऱ्यात आली त्या वर्षी, गौरी-गणपती उरकल्यावर आम्ही चौघं लंडनला गेलो. पोलादपूरचे आमचे मास्तर, निवृत्त, विषय इतिहास, त्यांच्या सौभाग्यवती, म्हणजे आमच्या वहिनी, महाडच्या पेठेत भांड्यांचं दुकान असलेले शेठ, आणि मी. शेठना लंडनमध्ये काहीच बघायचं नव्हतं, पण मास्तर चालले म्हटल्यावर ते निघाले. मास्तरांना इतकं बघायचं होतं, की त्यासाठी तिथं घर भाड्यानं घेऊन राहावं लागलं असतं. वहिनींनी कुळथाचं पीठ, मेतकूट, लसणाची चटणी, पोह्याचे पापड आणि छोटा विजेचा कुकर घेतला होता. बघण्याबाबत त्यांचं धोरण एवढंच, की समोर येईल ते बघावं.

मास्तरांनी विमानातच एका इंग्रजाची गोष्ट लावली. माणूस हेन्री ऑक्झेंडन. १६७४ च्या मे महिन्यात मुंबईचा गव्हर्नर जेराल्ड ऑन्जिए यानं त्याला वकील म्हणून रायगडावर धाडला. बरोबर दोन इंग्रज सोबती. चौल, अष्टमी, निजामपूर असं करत ही मंडळी पाचाडला पोचली. काम होतं व्यापाराच्या तहाचं, पण मुहूर्त लागला राज्याभिषेकाचा. मास्तरांचं म्हणणं असं, की मित्रांबरोबर परमुलखाची राजधानी बघायला जाऊन थोडक्या दिवसांत परत येण्याच्या प्रकारातला हा आमच्याकडचा पहिला नीट टिपून ठेवलेला नमुना आहे. आणि आपण चाललोय ती त्या भेटीची परतफेड. परतफेडीला साडेतीनशे वर्षं लागली, याचं मास्तरांना काही वाटत नव्हतं. आमच्याकडे लग्नातल्या आहेराची परतफेडही अशीच सवडीनं होते.

ऑक्झेंडन पाचाडला पोचला तेव्हा महाराज गडावर नव्हते. प्रतापगडाला भवानीच्या दर्शनाला गेले होते, म्हणजे आमच्याच मुलखात. मग हे तिघं पायथ्याशी थांबले. राजधानीच्या पायथ्याशी बसून राहण्याची आमची रीत त्या साहेबानंही काही दिवस पाळली, याचं मला बरं वाटलं. पुढे गडावर जागा मिळाली, दरबार झाला. राज्याभिषेकाच्या दिवशी सिंहासनाच्या दोन बाजूंना सोनेरी मुलाम्याच्या भाल्यांवर त्यानं काय काय पाहिलं ते त्यानं बारकाईनं लिहून ठेवलं आहे. एकीकडे मोठ्या दातांच्या माशांची सोन्याची डोकी, दुसरीकडे घोड्यांच्या शेपट्या आणि समतोल असलेला सोन्याचा तराजू. दाराशी दोन लहान हत्ती बांधलेले. एवढ्या अवघड वाटेनं हे हत्ती वर आणले कसे, हे कोडं त्याला काही सुटलं नाही. पर्यटक कसा असावा, तर असा. समोर नवं राज्य जन्माला येतंय आणि हा मनाशी हत्तींची वाट शोधतोय.

पण मास्तरांचा आवडता भाग वेगळाच होता. तो जॉन फ्रायर नावाच्या डॉक्टरनं आपल्या १६९८ च्या पुस्तकात नोंदवून ठेवलाय. गडावर जेवण म्हणजे खिचडी, तूप घालून. काही दिवस इंग्रजांनी ती खाल्ली आणि मग निरोप पाठवला की आम्हाला मांस हवं. गडावरच्या मोजक्या मुसलमानांना मांस पुरवणारा एक खाटीक होता, त्याला हुकूम झाला. रोज अर्धा बोकड जाऊ लागला. त्या म्हाताऱ्याची अशी चांदी झाली, की एक दिवस तो त्या वयात डोंगर चढून वर आला, केवळ हे गिऱ्हाईक डोळ्यांनी बघायला. गेल्या कित्येक वर्षांत त्याच्याकडून गेलं नव्हतं एवढं मांस या दोन-चार माणसांनी त्या थोड्या दिवसांत संपवलं होतं. मला तो म्हातारा फार जवळचा वाटतो. त्या जूनमध्ये रायगड चढलेली माणसं कशासाठी चढली? कुणी सिंहासन बघायला, कुणी नजराणा द्यायला, कुणी दक्षिणा घ्यायला. हा एकटा असा, जो निव्वळ कौतुकानं चढला. इतिहासानं त्याचं नाव ठेवलं नाही, पण त्याचं डोंगर चढणं ठेवलं.

तर लंडनमध्ये हीच कथा उलटी झाली. टोस्ट, उकडलेल्या शेंगा आणि सगळ्या पदार्थांवर पसरलेला तो पांढरा सॉस यांना शेठ लवकरच कंटाळले आणि संध्याकाळी म्हणाले, "वहिनी, खिचडी." ज्या खिचडीला विटून इंग्रजानं रायगडावर बोकड मागवला, तिच्याचसाठी महाडचा माणूस इंग्रजाच्या राजधानीत व्याकूळ झाला होता. वहिनींनी कुकर लावला आणि खिचडीवर लसणाची फोडणी घालायला म्हणून कढलं तापवलं. मोहरी तडतडली आणि त्याच क्षणी छताला लावलेल्या पांढऱ्या बशीनं असा काही आक्रोश मांडला, की शेजारच्या खोलीतली माणसं अंगावर कोट घालून जिन्यात उतरली. आमच्या मुक्कामाच्या मालकीणबाई आल्या, खिडक्या उघडल्या, टॉवेलनं धूर हाकलला, वहिनींना हसून काहीतरी म्हणाल्या. वहिनी कढलं हातात धरून भिंतीला टेकल्या होत्या. "एवढ्याशा मोहरीला?" त्यांनी विचारलं.

मास्तरांनी खिचडीचा पहिला घास घेत त्याचं कारण सांगितलं. १६६६ च्या सप्टेंबरात याच शहरात पुडिंग लेन नावाच्या गल्लीत एका पाववाल्याच्या भट्टीतून आग लागली आणि जुनं लंडन चार दिवस जळत राहिलं. तेव्हापासून या लोकांनी फोडणीचा धसका घेतलाय, असा निष्कर्ष शेठनी काढला. तो इतिहासकारांना मान्य होईल असं वाटत नाही. पण त्या बशीचा आवाज ज्यानं ऐकलाय तो शेठच्या बाजूनं साक्ष देईल.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या आगीचं स्मारक बघायला गेलो. एक उंच दगडी खांब, २०२ फूट. भट्टी होती तिथपर्यंतचं अंतरही तेवढंच, म्हणून उंची तेवढी. आत गोल जिना, ३११ पायऱ्या. शेठ पहिल्या पायरीकडे बघून म्हणाले, "रोपवे नाही?" मग मी आणि मास्तर चढलो. खाली उतरल्यावर आमच्या हातात एकेक छापील प्रशस्तिपत्रक ठेवण्यात आलं, अमुक माणूस हा खांब चढून आला म्हणून. आमच्याकडे गड चढून आलेल्याला ताक मिळतं, काकडी मिळते, फार दमला तर पिठलं-भाकरी मिळते. पण कागद कुणी देत नाही. मास्तरांनी तो कागद नीट घडी घालून खिशात ठेवला. आयुष्यभर मुलांना प्रशस्तिपत्रकं वाटणाऱ्या माणसाला उतारवयात एक मिळालं, आणि तेही जिना चढल्याबद्दल.

खांबावरून शहर दिसतं, टेम्स दिसते, आणि लांबवर सेंट पॉलचा घुमट. तिथं वाऱ्यात उभं राहून मास्तर एकदम गप्प झाले. मग हळूच म्हणाले, "सन बघा." १६६६ चा सप्टेंबर म्हणजे महाराज आग्र्याहून निसटल्याला महिनाही झाला नव्हता. हा खांब उभारायला लागले १६७१ मध्ये, संपला १६७७ मध्ये. सेंट पॉलचं काम सुरू झालं १६७५ मध्ये, राज्याभिषेकाच्या दुसऱ्या वर्षी. म्हणजे इकडे क्रिस्टोफर रेन जळक्या लंडनच्या नकाशावर ओणवा होऊन नवं शहर आखत होता आणि तिकडे हिरोजी इंदुलकर रायरीच्या डोंगरावर दगड चढवत होता. एकाच वेळी दोन राजधान्यांची बांधकामं चालू होती. दोन्हीकडे चुन्याच्या घाण्या फिरत असणार, दोन्हीकडे गवंडी मुकादमाला शिव्या देत असणार. मला उगीचच वाटून गेलं, की ऑक्झेंडनला रायगडावरचे नवेकोरे वाडे बघून लंडनच्या अर्धवट भिंती आठवल्या असतील का? त्याची नोंद नाही. हत्तींची आहे.

सेंट पॉलच्या तळघरात रेनची कबर आहे, साधी काळी शिळा. वर भिंतीवर लॅटिनमध्ये लिहिलंय, त्याचा अर्थ असा की याचं स्मारक शोधत असाल तर भोवताली बघा. बाणेदार आहे. आमच्या हिरोजीनं काय केलं? जगदीश्वराच्या देवळाच्या पायरीवर नाव कोरलं, सेवेचे ठायी तत्पर म्हणून, म्हणजे दर्शनाला येणाऱ्याचा पाय त्याच्यावर पडावा. शिवाय देवळाच्या भिंतीवर संस्कृत शिलालेख आहे, त्यात गडावर बांधलेल्या विहिरी, तळी, वाडे, गजशाळा यांची यादी आहे आणि हे सगळं चंद्र-सूर्य असेपर्यंत नांदो असं मागणं आहे. रेनच्या लेखाखाली उभं राहून भोवताली बघितलं, तर खरंच सगळं दिसतं. हिरोजीच्या पायरीवर उभं राहून भोवताली बघितलं, तर १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांच्या तोफगोळ्यांनी लागलेल्या आगीनंतर उरलेली जोती दिसतात. एका राजधानीला भट्टीची आग लागली आणि ती उठून उभी राहिली. दुसरीला तोफेची लागली आणि तिच्यावर गवत आलं. मास्तर बाहेर पायरीवर बसले, खिशातून तो कागद काढून पुन्हा वाचला आणि म्हणाले, "पण पायरीची कल्पना आपलीच चांगली."

राजवाडा आम्ही बाहेरून पाहिला. राजा घरी असला की त्याचं स्वतःचं निशाण फडकतं, नसला की देशाचं. त्या दिवशी देशाचं होतं. "देवदर्शनाला गेले असतील," वहिनी म्हणाल्या, आणि पाचाडला ताटकळलेल्या ऑक्झेंडनचा हिशेब तिथं चुकता झाला. लंडन आय नावाच्या मोठ्या चाकाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. ते अर्ध्या तासात एक फेरा घेतं आणि माणसाला चढला तिथंच आणून सोडतं. शेठना हा व्यवहार आतबट्ट्याचा वाटला. आपला रोपवे चार मिनिटांत निदान गडावर तरी नेतो.

नदीपाशी मात्र शेठ जागे झाले. महाडचा माणूस कुठलीही नदी बघतो ती आधी काठाच्या उंचीवरून. पाणी किती खाली आहे, भिंत किती वर आहे, दुकानं किती लांब आहेत, ही मापं त्याच्या डोळ्यांना लागतात आणि मगच तो सूर्यास्त वगैरे बघतो. सावित्री महाबळेश्वरला उगवते, पोलादपूरवरून खाली येते, महाडला तिला गांधारी मिळते, आणि पुढे खाडीतून भरती वर चढत असेल तर पावसाचं पाणी जायला जागा नसते; ते मग पेठेत येतं. २२ जुलै २०२१ ला जे आलं त्याच्या खुणा अजून भिंतींवर आहेत. शेठच्या दुकानातली पातेली त्या रात्री एकमेकांवर आपटत तरंगत होती आणि शेठ माडीवर बसून कुठलं पातेलं कुठल्या मापाचं ते आवाजावरून ओळखत होते. हे ते हसत सांगतात. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा हसत नव्हते.

टेम्सला ओहोटी होती. काठाचा चिखल उघडा पडला होता, त्यात होडीचे दोर, बाटल्या, दगड. शेठचा चेहरा उजळला. "अहो, ही तर आपल्या दासगावच्या खाडीसारखी!" एवढ्या राजेशाही शहराच्या मधोमध असा अस्सल चिखल बघून त्यांना परकेपणा वाटेनासा झाला. काठाच्या दगडी भिंतीवर ओळीनं ब्राँझचे सिंह आहेत, नुसती मुंडकी, तोंडात होडी बांधायच्या कड्या. सिंहांच्या तोंडाला पाणी लागलं की लंडन बुडालं समजावं, असं तिथं म्हणतात. शेठनी प्रत्येक सिंहाच्या हनुवटीपासून पाण्यापर्यंतचं अंतर डोळ्यांनी मोजलं. मग नदीला दार आहे असं मास्तरांकडून कळल्यावर ते दार बघायचंच म्हणून अडून बसले. सगळ्या प्रवासात त्यांनी केलेला हा एकच हट्ट.

होडीनं वुलिचला गेलो. नदीच्या आडवी, ५२० मीटर लांब, चंदेरी टोपांची रांग पाण्यातून वर आलेली. त्यांच्यामधली दारं एरवी तळाशी आडवी पडून असतात. समुद्राकडून मोठी भरती येणार असं दिसलं की ती वळून उभी राहतात. १९५३ साली उत्तर समुद्राचं पाणी इंग्लंडच्या किनाऱ्यावर चढलं, तीनशेवर माणसं गेली, त्यानंतर विचार सुरू झाला. दारं कामाला लागली १९८२ मध्ये. विचाराला तीस वर्षं लागली हे ऐकून शेठना धीर आला. पाण्याचा अंदाज छत्तीस तास आधी येतो, असं माहिती सांगणारी मुलगी म्हणाली. मी मराठीत सांगितलं. शेठ बराच वेळ काही बोलले नाहीत. महाडमध्ये आषाढात रात्री माणसं एकमेकांना फोन करून तीन गोष्टी विचारतात: महाबळेश्वरला पाऊस किती, पोलादपूरला पुलाखाली पाणी कुठवर, भरती किती वाजता. या तीन उत्तरांची बेरीज करून दुकानदार माल वरच्या फळीवर चढवतो. "छत्तीस तास," शेठ म्हणाले, "छत्तीस तास मिळाले तर मी दुकान भांड्यांसकट गडावर नेऊन ठेवीन." मग त्या मुलीला त्यांनी थेट मराठीत विचारलं, "आणि गाळ कोण काढतं?" तिनं हसून मान डोलावली. मीही भाषांतर केलं नाही.

मास्तरांचा हट्ट वेगळा होता, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम. ज्या वाघनखांसाठी ते आमच्याकडे प्रसिद्ध झालं, ती तर जुलैतच साताऱ्याला गेली होती, तीन वर्षांच्या कराराने. मास्तरांना हे आमच्याइतकंच ठाऊक होतं. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढायचा, वाटेत प्रतापगड बघायचा, महाबळेश्वर ओलांडून मेढ्याला उतरायचं की सातारा. तेवढं सोडून मास्तर रिकामी जागा बघायला समुद्रापार आले होते. मी विचारलं तर म्हणाले, "पोर तीन वर्षांच्या माहेरपणाला आली आहे. तिला भेटणं होईलच. पण ती इतकी वर्षं नांदली कुठे, ते सासर बघून यायला नको?"

या उत्तरावर बोलण्यासारखं काही नव्हतं. सासर चांगलं आहे. आत यायला पैसे पडत नाहीत. टिपूचा तो लाकडी वाघ तिथंच आहे, साहेबाच्या नरडीवर बसलेला, पोटात बाजाची पेटी असलेला. त्याच्याभोवती शाळेची मुलं गर्दी करून होती. एका दालनात रोमच्या ट्राजन स्तंभाची प्लास्टरची नक्कल आहे. छताला लागेल म्हणून ती दोन तुकडे करून शेजारी शेजारी उभी केली आहे. आणायचं ते आणायचंच, मग मावो न मावो, हा या शहराचा स्वभाव त्या दोन तुकड्यांत जितका दिसतो तितका कुठल्याच दरबारात दिसत नसेल.

वाघनखांची गोष्टही तशीच. साताऱ्याचा रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ, ज्यानं पुढे १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास छापला, त्याच्याकडे ती आली आणि त्याच्याबरोबर स्कॉटलंडला गेली. १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाखाली महाराजांच्या हातात होती ती हीच, याची खात्री करण्याचा मार्ग नाही, असं खुद्द म्युझियमच सांगतं. मास्तरांनी त्यावर आयुष्यभर शिकवलेल्या इतिहासाला शोभेल असा तोल राखला. "शाळेत मी हे वाक्य मुलांना सांगायचो," ते म्हणाले, "आणि मग मुलांना प्रतापगडावर घेऊन जायचो. तिथं गेल्यावर कुणी विचारायचं नाही." आशियाई दालनात ते सावकाश हिंडले. कट्यारी, पट्टे, दांडपट्ट्याच्या मुठी. प्रत्येक पेटीपुढे थोडं वाकून ते आतल्या वस्तूपेक्षा पेटीचंच निरीक्षण करत होते. प्रकाश कसा पाडलाय, ऊब किती आहे, कापड कसलं आहे. वहिनी मला हळूच म्हणाल्या, "आमच्या थोरलीच्या लग्नाआधी हे असंच करत होते. तिच्या सासरच्या घरात न्हाणीघराचा नळ उघडून बघितला होता."

शेवटच्या सकाळी किंग हेन्रीज रोडवर गेलो. प्रिमरोज हिलच्या बाजूची शांत वस्ती आहे, विटांची घरं, दारापुढे झाडं. दहा नंबरच्या घरावर निळी गोल पाटी: डॉ. आंबेडकर इथं १९२१-२२ मध्ये राहिले. महाराष्ट्र सरकारनं २०१५ मध्ये ते घर घेतलं आणि आता तिथं त्यांचं स्मारक आहे. लंडनच्या त्या दिवसांत रात्री भूक लागली की बाबासाहेब ओळखीच्या माणसानं दिलेले पापड पत्र्यावर भाजून, कपभर दुधाबरोबर खात आणि पुन्हा अभ्यासाला बसत, असं धनंजय कीरांच्या चरित्रात आहे. मास्तरांनी ते सांगितलं तेव्हा वहिनींनी पर्स उघडून बघितली. पोह्याचे पापड होते त्यात, पिशवीच्या तळाशी, तुकडे झालेले. त्यांनी पर्स पुन्हा मिटली आणि मास्तरांना विचारलं, "त्यांच्या खोलीत ती वरची बशी नसेल ना?" "नसावी," मास्तर म्हणाले.

आत आवाज आपोआप खाली येतो. पुस्तकं, छायाचित्रं, एक पलंग. छायाचित्रांसमोरून पुढे सरकताना शेठनी विचारलं, "मास्तर, इथून आपलं तळं किती लांब?"

महाडमध्ये आम्ही नुसतं 'तळं' म्हणतो. चवदार म्हणायची गरज पडत नाही. २० मार्च १९२७ च्या उन्हात हजारो माणसं चालत जाऊन ज्याचं पाणी प्याली, ते तळं. नगरपालिकेनं १९२४ सालीच ते सगळ्यांना खुलं असल्याचा ठराव केला होता; ठराव कागदावर होता आणि पाणी तळ्यात होतं, दोघांची भेट होत नव्हती. कोर्टातला निकाल लागायला १९३७ उजाडलं. आम्ही लहानपणापासून त्याच्या काठावरून शाळेत, बाजारात, दवाखान्यात जात आलोय. रायगडासारखंच त्याचं झालंय, रोजच्या वाटेवर असल्यानं बघायचं राहून जातं.

मास्तर क्षणभर विचार करून म्हणाले, "इथून? पाच वर्षं."

बाहेर आल्यावर वहिनींनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली, दोन घोट घेतले, शेठना दिली. शेठनी मास्तरांना, मास्तरांनी मला. तहान सगळ्यांनाच लागली होती, बाकी काही नाही. पण बाटली माझ्या हातातून परत गेली तेव्हा आम्ही चौघं एकमेकांकडे न बघता झाडांकडे बघत होतो, एवढं खरं.

परत आल्यावर मास्तरांचं प्रशस्तिपत्रक चौकटीत बसलं आणि पोलादपूरच्या त्यांच्या बैठकीत लागलं. येणाऱ्याला ते वाचून दाखवतात, खांबाची उंची विचारतात आणि बरोबर उत्तर आल्याशिवाय चहा देत नाहीत. शेठनी दुकानाच्या खांबावर पुराच्या पाण्याची जी रेघ ओढून ठेवली आहे तिच्या बाजूला एक सिंहाचं मुंडकं बसवलंय, पितळी, हनुवटी रेघेच्या बरोबर वर येईल असं. गिऱ्हाइकं त्याला नमस्कार करतात. शेठ अडवत नाहीत.

राहता राहिलं साताऱ्याला जायचं. परतल्या दिवशीच ठरलं होतं, एका सकाळी निघायचं, घाट चढायचा, वाघनखांना भेटायचं आणि रात्रीच्या जेवणाला घरी. मग दिवाळी आली. मग शेठच्या दुकानातली लग्नसराईची गर्दी. मग मास्तरांच्या गुडघ्यानं त्या ३११ पायऱ्यांचा हिशेब मागितला. तेवढ्यात वाघनखांचा साताऱ्यातला मुक्काम संपला आणि ती नागपूरला गेली. मी मास्तरांना फोन केला. म्हटलं, राहिलंच की हो. मास्तर म्हणाले, "नागपूर? ते फार लांब पडतं बुवा."